अर्ध्यात अडलेली चावी

वर्ध्याजवळच्या आंजी मोठीत रूपराव ड्रायव्हर म्हटलं की कुणी आडनाव विचारत नसे. त्यांचं घर गावात शिरताना लगेच लागायचं. पुढे कडुनिंब आणि निंबाखाली काळी लँडमास्टर मोटार. मोटार उभी दिसली की रूपराव घरी आहेत, नसली की गावात कुणीतरी आजारी आहे, असं लोक समजून घेत.

घरची शेती होती, पण रूपरावांचा जीव लहानपणापासून इंजिनात. वर्ध्याच्या एका जिनिंगवाल्या शेटजींकडे ते आधी क्लीनर म्हणून लागले, मग ड्रायव्हर झाले. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी लँडमास्टर रूपरावांनी मागून घेतली आणि तिच्या पैशांसाठी आपल्या वाट्याचं शेत भावाच्या नावावर करून दिलं. लोक हसले. शेत देऊन लोखंड घेतलं म्हणाले. पुढे त्यांचं हसणं आपोआप थांबलं, कारण साप चावलेला माणूस असो की अडलेली बाळंतीण, वर्ध्याला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायला गावात तेवढी एकच मोटार होती. हाक आली की रूपराव जेवत्या ताटावरून उठत.

बोलायला ते कमीच. गाडी चालवताना बिडी नाही, गाणं नाही. शेजारी बसलेल्याला आधीच सांगून ठेवत, "माझ्यासंग बोलू नका, मले रस्ता पाहू द्या." त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे नजरेचा. समोरून एस. टी. येताना दिसली की बाकीच्यांना नुसता धुरळा दिसे, तेव्हाच हे गाडी कुठली ते सांगत, आणि ती तिथलीच निघे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत भाऊबीज आटोपून ते आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई वर्ध्याहून परत येत होते. एकुलती एक मुलगी हिंगणघाटला दिलेली, त्यामुळे गाडीत दोघंच. मनकर्णाबाई समोरच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या होत्या. ऊन कलायला लागलं होतं, रस्ता मोकळा होता. गावाजवळच्या वळणावर डावीकडच्या शेताच्या पांदणीतून एक सायकलवाला बाहेर आला. मागे गवताचं ओझं. मनकर्णाबाईंना वाटलं, आता ब्रेक लागेल. ब्रेक लागला नाही. गाडीचा वेगसुद्धा कमी झाला नाही. सायकलवाल्यानं हँडल फिरवलं आणि तो ओझ्यासकट नालीत गेला. गाडी त्याच्या इतक्या जवळून गेली की गवताच्या काड्या खिडकीला घासल्या.

"अवो, तो पडला ना!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"कोण पडला?"

"सायकलवाला! थांबवा गाडी!"

रूपरावांनी गाडी थांबवली, खाली उतरून मागे पाहिलं. नालीतून एक माणूस कपडे झटकत उठत होता. त्यानं हात हलवून काही झालं नाही असं सांगितलं.

"दारू पेला असन," रूपराव गाडीत बसत म्हणाले. "रस्ता त साफ होता."

मनकर्णाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. रूपराव खोटं बोलत तेव्हा त्यांचा हात मिशीकडे जाई. या वेळी हात स्टिअरिंगवरच होता. ते खरं बोलत होते. त्यांच्या लेखी रस्त्यावर कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्या चौकशी करत त्या माणसाच्या घरी गेल्या. बापूराव नावाचा, शेतावर सालदार असलेला माणूस. कोपर सोलून निघालं होतं. "जाऊ द्या काकू," तो म्हणाला, "काकाले दिसलोच नसन मी. माझ्या पोराच्या वक्ताले त्याईनंच नेलतं दवाखान्यात. मी काई बोलणार नाई."

त्या दिवसापासून मनकर्णाबाई नवऱ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागल्या, तेव्हा कितीतरी गोष्टी ध्यानात आल्या. ताटात डाव्या हाताला वाढलेलं लोणचं तसंच राही. दाराशी ठेवलेल्या बादलीला पाय लागे, आणि मग "इथं काऊन ठेवली?" म्हणून त्यांच्यावरच चिडणं होई. बाजूनं कुणी जवळ आलं की रूपराव एकदम दचकत. पण दूरच्या झाडावरचा पोपट मात्र त्यांना बरोबर दिसे.

एका सकाळी धीर करून त्यांनी विषय काढला. "तुमाले बाजूचं दिसत नाई असं वाटते मले. डोळे दाखवून घ्या एकदा."

रूपराव त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत घेऊन गेले. "तो दगड पाह्य," ते म्हणाले. दूर, वळणाच्या पलीकडे मैलाचा दगड होता. मनकर्णाबाईंना तो नुसता पांढरा ठिपका दिसत होता. रूपरावांनी त्यावरचं गावाचं नाव आणि खालचा आकडा वाचून दाखवला. "जाय, जवळ जाऊन पाहून ये. चुकलो असन त चाबी तुह्या हाती देतो."

त्या गेल्या नाहीत. ते चुकलेले नसणार हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी रूपराव संध्याकाळी न जेवताच झोपले. दिरांना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "वहिनी, आंजीत त्याच्याइतकी नजर कोणाची आहे?"

मग मनकर्णाबाईंनी दुसरा विचार सुरू केला. चावी लपवावी, तर त्यांच्याकडे दुसरी होती. चाकातली हवा सोडावी, तर पंप घरातच होता. गाडीचा कुठलाही भाग बिघडला तरी रूपराव तो दुरुस्त करू शकत. इंजिन त्यांनी अनेकदा उघडून पुन्हा बसवलं होतं. फक्त एका गोष्टीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, ती म्हणजे समोरच्या पट्टीवरचं चावीचं कुलूप. चावी फिरवायची, खालचं बटण ओढायचं, गाडी सुरू. ते कधी अडलंच नव्हतं, म्हणून उघडायची वेळही आली नव्हती.

मुलीच्या बाळंतपणातल्या लाडवांचा बाभळीचा डिंक डब्यात उरला होता. एका दुपारी रूपराव आडवे झाले असताना त्यांनी तो वाटीत थोड्या पाण्यात भिजवला, दाट होऊ दिला आणि दाभणाच्या टोकानं थेंब थेंब करून कुलपाच्या फटीत सोडला. आजवर रूपराव जवळ नसताना त्यांनी त्या मोटारीला हात लावला नव्हता. दसऱ्याला जिला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, तिच्याच तोंडात आता त्या डिंक ओतत होत्या. काम झाल्यावर त्यांनी वाटी राखेनं घासली, आणि ती स्वच्छ झाल्यावरही कितीतरी वेळ घासत राहिल्या.

थंडीचे कोरडे दिवस. सकाळपर्यंत डिंक दगड झाला.

रूपरावांनी चावी लावली, ती अर्ध्यात अडली. काढून पुसून पुन्हा लावली. पुन्हा अर्ध्यात. दुसरी चावी आणली, तिचंही तेच. मग घासलेट सोडलं, मशीनचं तेल सोडलं, फुंकर मारली, बारीक तार घालून पाहिली. काही उपयोग झाला नाही. दुपारी मनकर्णाबाई जेवायला बोलवायला आल्या तेव्हा ते गाडीत नुसतेच बसले होते. चिडलेले नव्हते. जुन्या माणसानं एकाएकी बोलणं टाकलं की कसं वाटतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मनकर्णाबाईंना तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण गवताच्या काड्या काचेला घासल्याचा आवाज आठवला आणि त्या ताट वाढायला आत गेल्या.

पुलगावला स्टेशनजवळ प्रेमदास नावाचा कारागीर बसायचा. कुलपं, स्टोव्ह, पेट्रोमॅक्स असं सगळं दुरुस्त करायचा. त्याची बायको तानाबाई आंजीची. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली असताना अडली, तेव्हा रस्त्यावर चढलेल्या नाल्याच्या पाण्यातून रूपरावांनीच तिला दवाखान्यात पोचवलं होतं. रूपरावांनी एस. टी.च्या कंडक्टरकडून निरोप धाडला आणि प्रेमदास दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर झाला.

त्यानं पट्टीमागे हात घालून कुलूप सोडवलं, तारांची टोकं चिकटपट्टीनं वेगवेगळी गुंडाळली आणि निंबाखाली पोत्यावर बसून काम सुरू केलं. रूपराव जरा वेळ शेजारी बसले, मग बारीक पकड मागायला भावाकडे गेले.

प्रेमदासनं सुई घालून फटीतून एक कण बाहेर काढला. पिवळसर, काचेसारखा. घासलेटात टाकला, तो विरघळेना. त्यानं जरा विचार केला आणि कण जिभेवर ठेवला. मग मान वर केली. मनकर्णाबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "हा त डिंक आहे."

मनकर्णाबाईंनी कप खाली ठेवला. "हो. मीच टाकला."

"काऊन?"

त्यांनी सांगितलं. वळणावरचा सायकलवाला, ताटातलं लोणचं, मैलाचा दगड. प्रेमदास ऐकत होता, हात थांबले होते.

"गरम पाण्यात ठेवलं त घडीभरात मोकळं होते हे," तो म्हणाला.

"मले मालूम आहे. म्हून त सांगून राह्यली. नको ठेवू."

"कुलूप खोलाचं काम करतो मी, वहिनी. बंदच राहू दे असं आजवर कोणी सांगतलं नाई. आन् भाऊंनी माह्या घरच्या माणसाले पाण्यातून नेलं. त्याईच्यासंग खोटं कसं बोलू?"

"उद्या त्याईच्याच हातून कोणाच्या घरचं माणूस गेलं त? मंग ते जगतीन का?"

प्रेमदासनं सुई पिशवीत टाकली. तेवढ्यात रूपराव पकड घेऊन आले.

"काय म्हणते कुलूप?" त्यांनी विचारलं.

"अंदरचे दाणे अटकले, भाऊ," प्रेमदास कुलपाकडे पाहतच म्हणाला. "पुलगावले न्या लागते. आन् या तारा जोडू नका. ठिणगी पडली त भलतंच होऊन बसन."

"मी कायले जोडतो? बिनचाबीची गाडी चोर चालवते," रूपराव म्हणाले.

प्रेमदासनं कुलूप फडक्यात बांधलं. जाताना त्यानं रूपरावांना नमस्कार केला, पण त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. घरी पोचल्याबरोबर त्यानं कुलूप गरम पाण्यात टाकून साफ केलं. चावी लोण्यासारखी फिरू लागली. मग ते पुन्हा फडक्यात बांधून त्यानं फळीवर ठेवलं आणि रोज कामाला बसताना त्याकडे पाहत राहिला. नेऊन द्यावं तर एक भीती, न द्यावं तर दुसरी.

असे बरेच दिवस गेले. कापसाचा हंगाम भरात आला. वर्ध्याच्या रस्त्यावर दिवसभर बैलगाड्यांची रांग लागू लागली. एका दुपारी पलीकडच्या आळीतल्या देवकाबाई पदर सांभाळत धावत आल्या. सून अडली होती. सकाळपासून कळा येत होत्या, रक्त जात होतं आणि सुईणीनं हात टेकले होते.

"रूपरावजी, गाडी काढा. पोरगी जाते माही."

वर्ध्याची एस. टी. निघून गेली होती. गावात एक ट्रॅक्टर होता, पण तो चालवणारा नानाजी कापूस घेऊन बाजारात गेला होता. रूपराव क्षणभर मोटारीकडे पाहत उभे राहिले. मग दार उघडलं, पट्टीखाली वाकले, चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि तारा एकमेकींना जोडल्या. बटण ओढलं. गाडी सुरू झाली.

मनकर्णाबाई अंगणात उभ्या होत्या. ओठांवर आलं होतं, याईले दिसत नाई, याईच्या गाडीत बसू नका. पण दुसरं कोण चालवणार होतं? आणि तिकडे त्या पोरीचं रक्त थांबत नव्हतं. त्यांनी हात पुसले, गाडीजवळ गेल्या आणि समोरच्या सीटवर जाऊन बसल्या.

"तू कायले?" रूपराव म्हणाले.

"बाईमाणूस पाह्यजे संग."

मागे देवकाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गाडी मुख्य रस्त्याला लागली आणि थोड्याच वेळात बैलगाड्या सुरू झाल्या.

"डावीकडून बैल," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"दिसून राह्यलं मले."

"उजवीकडं सायकल आहे."

"मनकर्णा, गप बस. रस्ता पाहू दे."

दोन बैलगाड्या मागे गेल्या. मग मनकर्णाबाई एकदम म्हणाल्या, "डावीकडून बाई! डोक्यावर भारा!"

रूपरावांनी समोर पाहिलं. कुणी बाई नव्हती. त्यांनी चिडून पूर्ण मान डावीकडे वळवली, आणि ती होती. पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा घेतलेली, मडगार्डपासून हातभर अंतरावर. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे घेतली. बाई पुढे निघून गेली. तिला कळलंसुद्धा नाही.

गाडी पुन्हा चालू लागली, पण आता बेताच्या वेगानं. पुढच्या गाड्यांच्या रांगेजवळ त्यांनी स्वतःच विचारलं, "डावीकडं?"

"मोकळं आहे."

"उजवीकडं?"

"कापसाची गाडी. उभी आहे. तिच्या मांगून एक माणूस येऊन राह्यला. थांबा. गेला. चला आता."

तशीच ती दोघं सेवाग्रामपर्यंत गेली. ते विचारत, त्या सांगत. मागे सून कण्हत होती, देवकाबाई तिच्या कपाळावरून हात फिरवत देवाचं नाव घेत होत्या. समोर काय चाललंय हे त्या दोघींच्या गावीही नव्हतं.

सुनेला आत नेलं. पुष्कळ वेळानं देवकाबाई रडत बाहेर आल्या. मुलगी झाली होती, आई वाचली होती. रूपराव झाडाखालच्या पारावर बसले होते. मनकर्णाबाई येऊन शेजारी बसल्या.

"ते लोक मले दिसले नाई," रूपराव म्हणाले. "ती बाई दिसली नाई. तो बैलबी दिसला नोयता. मी खोटंच म्हणलं, दिसून राह्यलं म्हून."

"मालूम आहे."

"कधीपासून?"

"भाऊबीजेपासून. त्याच्या आधीचं काय मालूम?"

मग त्यांनी बापूरावच्या सोललेल्या कोपराचं सांगितलं, आणि आता लपवून उपयोग नाही म्हणून डिंकाचंही सांगून टाकलं. रूपरावांनी डोळ्यांचं ऐकून घेतलं होतं. डिंकाचं ऐकताच त्यांचा चेहरा बदलला.

"मोटारले हात काऊन लावला? मले सांगाचं होतं."

"सांगतलं होतं. तुमी मैलाचा दगड वाचून दाखवला."

रूपराव उठले आणि मोटारीकडे निघून गेले. गाडीला टेकून, पाठ फिरवून कितीतरी वेळ उभे राहिले. मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ते परत आले आणि म्हणाले, "डोळ्याचा डॉक्टर कोणत्या खोलीत बसते, विचार जरा."

तपासणारी डॉक्टरीण तरुण होती. तिनं त्यांना एक डोळा झाकून समोर पाहायला सांगून बाजूनं बोट आणलं आणि बोट दिसलं की सांगा म्हणाली. बोट जवळजवळ नाकासमोर आल्यावर रूपराव म्हणाले, "आता दिसलं." दुसऱ्या डोळ्याचं त्याहून थोडं बरं. काचबिंदू होता. मधली नजर शाबूत असते म्हणून माणसाला कळतच नाही, कडा मात्र हळूहळू विझत जातात, असं तिनं समजावून सांगितलं. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं राखायचं तर रोज न चुकता थेंब घालायचे होते.

रूपरावांनी एकच प्रश्न विचारला. "गाडी?"

"नाही काका. आता नको."

मोटार त्या दिवशी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी नानाजी येऊन ती घेऊन गेला. ट्रॅक्टरचा हात असल्यामुळे गिअर बदलताना तो असा झटका देई की रूपराव शेजारी बसून डोळे मिटून घेत. पण गाडी घरी पोचली.

मग एक दिवस रूपराव एकटेच एस. टी.नं पुलगावला गेले. त्यांना पाहताच प्रेमदासनं फळीवरचं फडकं काढून पुढे ठेवलं.

"भाऊ, हे तयारच होतं. मी खोटं बोललो तुमच्यासंग."

"तू म्हणलास दाणे अटकले. अटकलेच होते ना."

प्रेमदासनं चहा मागवला. चहा घेऊन झाल्यावर रूपराव म्हणाले, "एकदा खोलून दाखव मले. तेवढंच राह्यलं होतं पाहाचं." प्रेमदासनं कुलूप उघडलं, आतले पितळेचे बारीक दाणे आणि त्यांच्याखालच्या केसासारख्या स्प्रिंगा कागदावर मांडल्या. प्रत्येक दाण्याची उंची वेगळी. चावीचे दात त्यांना वर उचलतात, सगळे एका ओळीत आले की कुलूप फिरतं. एक जरी खाली राहिला तरी नाही. पेन्सिलीचं शिसं खरवडून त्यानं ती भुकटी आत टाकली. तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते, असंही सांगितलं. रूपरावांनी एक दाणा बोटाच्या टोकावर घेऊन डोळ्यांसमोर धरला. तो त्यांना अगदी स्पष्ट दिसला.

"भाऊ, आता बसवून काय करसान?" प्रेमदासनं भीत भीत विचारलं.

"गाडी आहे त कुलूप पाह्यजे."

घरी येऊन त्यांनी ते स्वतः बसवलं. पट्टीखाली आडवं पडून, दिवा लावून. मध्येच एक स्क्रू हातातून सुटला. मनकर्णाबाई मोटारीच्या दाराशी उभ्या होत्या. स्क्रू कुठे घरंगळला ते त्यांनी पाहिलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. रूपरावांनी हातानं चाचपून पाहिलं, सीटखाली पाहिलं, पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "कोठी पडला?" तेव्हा त्यांनी तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. चावी पूर्ण आत गेली. रूपरावांनी ती फिरवली, पट्टीवरचा लाल दिवा लागला. पुन्हा फिरवून बंद केली, काढून मनकर्णाबाईंच्या हातात दिली आणि हात धुवायला गेले.

याच्यानं सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. कितीतरी दिवस ते बायकोशी कामापुरतंच बोलत. ती डोळ्यांत थेंब घाली तेव्हा मान वर करून बसत आणि थेंब पडले की उठून जात. डोळे गेल्याचा राग तिच्यावर नव्हता. आपण घरात असताना, आपल्याच माणसाला आपल्याला सांगण्यापेक्षा कुलूप बंद करणं सोपं वाटलं, हे त्यांना सलत होतं. त्यात चूक कुणाची हे त्यांना दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त सलत होतं.

संक्रांतीच्या आसपास एक दिवस ते न सांगता बाहेर गेले. परत आले, ताटावर बसले. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "बापूरावकडं गेलतो. कोपराले अजून खूण आहे." मनकर्णाबाईंनी भाकरी वाढली. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "तू आधीच जाऊन आलतीस म्हणे."

"गेलती."

"बरं केलं." आणि त्यांनी चटणी मागितली. त्या दिवसापासून घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

मोटार विकून टाका असं बरेच जण म्हणाले. दोघांनीही ऐकलं नाही. रूपरावांची गाडी सुटली म्हणून गावातली आजारपणं काही थांबणार नव्हती. सकाळी ट्रॅक्टरवर जाण्याआधी नानाजी येई आणि रूपराव त्याला आर्वीच्या रस्त्यावर घेऊन जात. त्यांनी त्याचा ट्रॅक्टरचा हात मोडून काढला. गिअर कानानं ओळखायला शिकवलं. पाच शब्द बोलायचे तिथं एक बोलणारा हा माणूस शिकवताना मात्र थांबत नसे. नानाजीला लायसन मिळालं, पुढे त्यानं ट्रॅक्टर सोडला आणि मोटारच चालवू लागला. त्याच्यानंतर गावातले आणखी काही जण रूपरावांकडे शिकायला आले. कुणालाच ते पहिल्या दिवशी गाडी सुरू करू देत नसत. नुसतं सीटवर बसवत आणि डावीकडे, उजवीकडे काय काय आहे ते मोठ्यानं सांगायला लावत. एकदा सांगून झालं की पुन्हा सांगायला लावत. पोरं वैतागत.

नानाजीनं लांबची गाडी पहिल्यांदा काढली ती हिंगणघाटला, रूपरावांच्या मुलीकडे. रूपराव समोर डाव्या बाजूला, जिथं लांबच्या वाटेला आजवर मनकर्णाबाई बसत. मनकर्णाबाई मागे, मांडीवर पापडांचा डबा. नानाजी चांगला चालवत होता. पण वळण आलं, समोरून ट्रक आला, की रूपरावांचा उजवा पाय आपोआप पुढे जाई आणि खालच्या पत्र्यावर दाबला जाई. तिथं ब्रेक नव्हता.

मनकर्णाबाईंनी मागून पाहिलं.

"पाय आवरा," त्या म्हणाल्या. "पत्रा फुटन."

नानाजीला हसू आवरेना. रूपरावही हसले आणि पाय मागे घेतला. पुढचं वळण येईपर्यंत तो मागे राहिला.